ख्रिस्ती धर्म भारतात इंग्रजांनी आणला?

"ख्रिस्ती धर्म भारतात इंग्रजांनी आणला, कंपनी जहाजातून मिशनरी घेऊनच आली" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि शाळेत सगळा भर इंग्रजांवर असल्यामुळे तो पटतोही. पण एकदा तारखा लावून बघा. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि 'कल्लियाना'त बिशप आहे (बरेच अभ्यासक म्हणतात हे आपलं कल्याणच). मग केरळातल्या कोल्लमचे इ.स. 849 चे ताम्रपट, त्यात तिथल्या चर्चला दिलेली जमीन आणि हक्क नोंदवलेत, आणि साक्षीदारांच्या सह्या चक्क अरबी, पहलवी (जुनी इराणी) आणि हिब्रू लिपीत! येशूचा शिष्य सेंट थॉमस इ.स. 52 ला भारतात आला ही मात्र परंपरा, त्या काळातला लेखी पुरावा नाही.

आणि कंपनीचं म्हणाल तर तिला धंद्यात गडबड नको होती, त्यामुळे मिशनरी तिला डोकेदुखीच वाटायचे. 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना तर परत जायचा हुकूमच मिळाला होता, पण ते अर्ज-विनंत्या करत चिकटून राहिले. त्याच वर्षीच्या चार्टर अ‍ॅक्टने (कंपनीच्या सनदेचा ब्रिटिश संसदेचा कायदा) मिशनऱ्यांना दार उघडलं. तो अ‍ॅक्ट आणि त्या व्यापाऱ्याच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर दोन्ही नेटवर फुकट आहेत, वाचून बघा.