आयलीश डिलन

डिलन, आयलीश : (७ मार्च १९२० – १९ जुलै १९९४). आयरिश बालसाहित्यिक, कादंबरीकार व अनुवादक. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांवरचे जीवन मुलांच्या कादंबरीत त्यांच्याइतके बारकाईने आणि आस्थेने क्वचितच कोणी आणले असेल. त्यांनी आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लेखन केले व त्यांच्या पुस्तकांचे अनेक भाषांत अनुवाद झाले.

त्यांचा जन्म गॉलवे येथे, आयर्लंडचे ब्रिटनविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना झाला. वडील टॉमस डिलन गॉलवेच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. आई जेराल्डीन ही ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावातील नेते जोसेफ मेरी प्लंकेट यांची बहीण. जेराल्डीन आणि टॉमस यांचे लग्न २३ एप्रिल १९१६ रोजी, म्हणजे उठावाच्या आदल्याच दिवशी झाले. नवदांपत्य उतरले होते ते हॉटेल डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोरच होते, आणि क्रांतिकारकांनी त्या कचेरीचा ताबा घेतला तो प्रसंग जेराल्डीनने खिडकीतून पाहिला. पुढे दहा-अकरा दिवसांत जोसेफ प्लंकेट यांना गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. आयलीश यांच्या आईवडिलांनाही पुढे राजकीय कारणांसाठी तुरुंगवास घडला. ज्या घटना इतर मुले इतिहासाच्या पुस्तकात वाचत, त्या या घरात जेवणाच्या टेबलावर बोलल्या जात, हे त्यांच्या पुढच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

बालसाहित्याच्या दृष्टीने मात्र अधिक मोलाची गोष्ट म्हणजे त्यांचे बार्ना या गॉलवेजवळच्या मासेमारीच्या गावातले बालपण. तेथील प्राथमिक शाळेत शिक्षण आयरिश भाषेतून होई. कोळ्यांची बोली, लोकगीते, होड्या आणि हवामानाचे ठोकताळे त्यांच्या कानांवर रोज पडत. पुढे स्लायगो येथील उर्सुलाइन कॉन्व्हेंटमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, कॉर्क येथील विद्यापीठात आयरिश शिकवणारे कॉर्मॅक ओ क्विलेनॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. थोरली एलेन नी ख्विलेनॉन ही आजच्या आयर्लंडमधील अग्रगण्य कवयित्रींपैकी एक आहे (आडनावातील फरक हा आयरिश भाषेतील स्त्रीलिंगी रूपाचा आहे). विद्यार्थी वसतिगृहाचा कारभार आणि मुलांचे संगोपन सांभाळूनच त्यांचे लेखन सुरू झाले.

त्यांची पहिली पुस्तके आयरिश भाषेत होती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अन खिल व्यो’ (जिवंत रान) हे त्यांतले पहिले. इंग्रजीतील ‘मिडसमर मॅजिक’ (१९४९) नंतर ‘द लॉस्ट आयलंड’ (१९५२) या पुस्तकाने त्यांना आपली वाट सापडली. त्यानंतरच्या दीड दशकात ‘द हाउस ऑन द शोअर’, ‘द आयलंड ऑफ हॉर्सेस’ (१९५६), ‘द सिंगिंग केव्ह’ (१९५९), ‘द कोरिअँडर’ (१९६३), ‘द सी वॉल’ (१९६५) अशा कादंबऱ्या एकामागून एक आल्या.

यांतील ‘द आयलंड ऑफ हॉर्सेस’ ही सर्वांत प्रसिद्ध. दोन मुले घरच्यांच्या नकळत, ओसाड पडलेल्या बेटावर होडीने जातात. तेथे त्यांना रानटी घोड्यांचा कळप दिसतो, आणि त्यातले एक काळे शिंगरू ती घरी आणतात. या घोड्यांचा संबंध फार पूर्वी किनाऱ्याला लागलेल्या स्पॅनिश जहाजांशी जोडला जातो. शिंगरावर डोळा ठेवणारा घोड्यांचा व्यापारी पुढे येतो आणि कथा वेग घेते. ‘द सिंगिंग केव्ह’मध्ये गुहेत व्हायकिंग योद्ध्याचे अवशेष सापडतात व त्यांची चोरी होते. साहसकथेची ही सामग्री तशी ओळखीची आहे. डिलन यांचे वेगळेपण आहे ते मुलांना दिलेल्या जागेत. त्यांच्या कथांतील मुले सुटीत किनाऱ्यावर आलेली पाहुणी नसतात. ती बोटी वल्हवतात, मासळी आणतात, गुरे राखतात, आणि भरती-ओहोटीची वेळ चुकली तर काय होते हे त्यांना पुरते ठाऊक असते. मोठ्या माणसांना कथेबाहेर घालवून मुलांना मोकळे रान द्यायचे ही त्या काळच्या बालकथांची नेहमीची युक्ती डिलन यांना फारशी लागत नाही. आजी-आजोबा, शेजारी, भांडखोर आणि लोभी माणसे, सगळी मुलांभोवती असतात, आणि आजीची एखादी जुनी आठवण नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते. त्यांची इंग्रजीही अशीच आहे. पात्रांच्या बोलण्यात आयरिश भाषेची ठेवण सतत जाणवते, पण ती विनोदासाठी वापरलेली नसते. बेटावरच्या माणसांच्या बोलीची थट्टा करण्याची जुनी रीत त्यांनी कटाक्षाने टाळली, आणि या लेखनाचे खरे मोठेपण येथेच आहे, असे म्हणावेसे वाटते.

याच काळात त्यांनी ‘डेथ ॲट क्रेन्स कोर्ट’ (१९५३) यासह तीन रहस्यकथा आणि प्रौढांसाठी काही कादंबऱ्या लिहिल्या. पतीची प्रकृती बिघडल्यामुळे १९६० नंतरच्या दशकात कुटुंब रोमला राहावयास गेले. इटलीच्या या वास्तव्याचे पडसाद काही बालकादंबऱ्यांत उमटले. पाँपेईच्या विनाशावरील ‘द शॅडो ऑफ व्हिसूव्हियस’ (१९७७) ही त्यांपैकी एक. १९७० मध्ये पतीचे निधन झाले. अठराव्या शतकात एका आयरिश स्त्रीने मारल्या गेलेल्या आपल्या पतीसाठी रचलेल्या प्रसिद्ध विलापगीताचा डिलन यांचा इंग्रजी अनुवाद १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९१६ पर्यंतचा काळ चितारणाऱ्या ‘अक्रॉस द बिटर सी’ (१९७३) या कादंबरीने त्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. १९७४ मध्ये त्यांनी समीक्षक व्हिव्हिअन मर्सिअर यांच्याशी विवाह केला. त्यानंतर त्या काही काळ कॅलिफोर्नियात व काही काळ डब्लिनमध्ये राहत. मर्सिअर १९८९ मध्ये वारले. त्यांचा अपुरा राहिलेला समीक्षाग्रंथ डिलन यांनी संपादित केला.

उतारवयातही त्या बालसाहित्याकडे परतल्या. ‘द आयलंड ऑफ घोस्ट्स’ या कादंबरीला १९९१ मध्ये आयर्लंडमधील वर्षातील सर्वोत्कृष्ट बालपुस्तकाचा बिस्टो पुरस्कार मिळाला, तर ‘द चिल्ड्रन ऑफ बाख’ (१९९२) मध्ये दुसऱ्या महायुद्धातील हंगेरीतल्या ज्यू संगीतकार घराण्यातील मुलांची कहाणी आहे. कॉर्कच्या विद्यापीठाने १९९२ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आयर्लंडच्या ‘आसदाना’ या कलावंतांच्या संस्थेच्याही त्या सदस्य होत्या.

१९ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. ऑफली परगण्यातील क्लॅरा येथे, मर्सिअर यांच्या शेजारी, त्यांचे दफन करण्यात आले. आयर्लंडच्या वार्षिक बालसाहित्य पुरस्कारांत नवोदित लेखकाच्या पहिल्या बालपुस्तकासाठी दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे.