गरिबी निवारण अनुदाने : खानदेश

गरीब वस्त्यांचे जगणे सावरावे म्हणून केंद्र किंवा राज्य शासन स्थानिक संस्थांना जो निधी देते, त्याला गरिबी निवारण अनुदान म्हणतात. हा पैसा फेडायचा नसतो, पण त्याचा पैन्‌पैचा हिशेब द्यावा लागतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, नगरपालिका, पेसा (अनुसूचित आदिवासी क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातील ग्रामसभा, बचत गटांचे ग्रामसंघ आणि थेट अंगणवाडीची आहार समिती अशा लहानमोठ्या संस्था तो खर्च करतात. लाभार्थ्याच्या बँक खात्यात परस्पर जमा होणाऱ्या मदतीहून हे अनुदान वेगळे आहे. इथे ‘आपल्याला आधी काय हवे’ हे गावाने एकत्र बसून ठरवायचे असते. अनुदान सार्थकी लागते की वाया जाते, हे बहुतेक वेळा त्या बैठकीतच ठरून जाते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून खानदेश होतो. इथली गरिबी एकसारखी पसरलेली नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागा, जळगावात सराफ बाजार, आणि त्याच बागांच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारावर विखुरलेले पावरा, भिल्ल, तडवी लोकांचे पाडे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तीत जवळजवळ ६९ टक्के लोक आदिवासी होते. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबारचे नाव आले. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीची, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून मोजलेल्या गरिबीची, जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत राज्यात सर्वाधिक गरिबी नंदुरबारमध्ये दिसली. जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक त्या व्याख्येत बसत होते.

सरकारी पैशाने वस्ती सावरण्याचा प्रयत्न या मुलखाला नवा नाही. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली गेला. भिल्लांचा उठाव नुसत्या फौजेने शमत नाही हे कळल्यावर १८२५ पासून भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी, नेमल्या गेल्या. शेतीसाठी जमीन, बैल आणि बी-बियाण्यासाठी तगाई (सरकारी कर्ज) देऊन भिल्लांना वसवण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. सरकारचा हेतू मुलूख शांत ठेवण्याचा होता, आणि कोणाला काय द्यायचे हे साहेब ठरवी. ही दुसरी गोष्ट बदलायला फार काळ लागला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून घेतलेला व्यवसाय कर या योजनेला पुरवला गेला. याच सुमारास शहादा परिसरात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी सालदार-मजुरांच्या मजुरीचा आणि हातच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न लावून धरला होता. हमी योजनेने मागेल त्याला काम दिले, मात्र काम कोणते काढायचे हे सरकारी यंत्रणाच ठरवीत राहिल्या. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने निम्म्याहून कमी नाहीत इतकी कामे ग्रामपंचायतीकडे सोपवली. फेब्रुवारी २००६ मधील पहिल्या टप्प्यात धुळे आणि नंदुरबार होते. जळगावचा समावेश पुढे झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला.

निधी येण्याच्या वाटा अनेक आहेत. जिल्हा नियोजन समिती जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा वाटते. त्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे वेगळे भाग असतात. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के योजना-निधी आदिवासी विकास विभागाच्या हाती एकरकमी द्यावा, ही सुकथनकर समितीची शिफारस राज्याने १९९३-९४ पासून अमलात आणली. खानदेशात हा पैसा नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथील या विभागाच्या प्रकल्प कार्यालयांमार्फत उतरतो. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान वेगळे. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि उरलेले पंचायत समिती व जिल्हा परिषदेला निम्मे-निम्मे असे वाटप ठरले. त्याचा मोठा भाग ‘बंधित’ होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेखेरीज दुसरीकडे वापरता येत नसे.

याच्या उलट ‘अबंध’ निधी. खानदेशातल्या डोंगरी भागासाठी सगळ्यांत मोलाचे अनुदान हेच आहे, असे म्हणायला हरकत नाही. पेसा कायदा डिसेंबर १९९६ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. त्यानंतर राज्यपालांनी अधिसूचना काढली आणि २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या योजना-निधीचा, किमान ५ टक्के भाग अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव हे तालुके पूर्ण, आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावे या क्षेत्रात येतात. वाटणी आदिवासी लोकसंख्येवर होते. पायाभूत सोयी, पेसा आणि वनहक्क कायद्यांची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता व शिक्षण, जंगल आणि जलसंधारण ही त्याची क्षेत्रे. त्यांच्या आत काम कोणते घ्यायचे ते ग्रामसभा सांगते, खाते ग्रामसभा कोषाचे असते आणि खर्चावर कोष समितीची नजर असते.

२०१४ च्या नियमांतली एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही. एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह ठराव करून स्वतःला स्वतंत्र ‘गाव’ म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात आणि एकापासून दुसऱ्याला जायला डोंगर उतरून नाला ओलांडावा लागतो. पंचायत कार्यालयाजवळच्या पाड्यात सिमेंटचा रस्ता होतो. वरच्या पाड्यातल्या बायका झिऱ्याचे पाणी वाटीने हंड्यात भरत बसतात. वरच्या पाड्याची सभा वेगळी झाली की ठरावात पहिली ओळ पाण्याची येते. सभेची नोटीस मराठीत निघते. ती पावरी किंवा भिलोरीत कोणी समजावून सांगितली तर म्हाताऱ्या बायाही बोलतात, नाही तर हजेरीच्या वहीवर अंगठे तेवढे उमटतात. पेसा समन्वयकाचे खरे काम हे आहे आणि ते कागदी कामाहून अवघड आहे.

पैशाच्या तुटवड्याइतकीच मोठी अडचण वेळेची आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि थंडीत पुरी होते. नेमक्या याच दिवसांत, दिवाळी झाली की, मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन गुजरातेत ऊसतोडीला, सौराष्ट्रात शेतमजुरीला निघून जातात. ज्यांच्यासाठी आराखडा करायचा, ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावात नसतात. माणसे परततात ती होळीला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी चुकवून कोणी बाहेर राहत नाही. तेव्हा सरकारी वर्ष सरत आलेले असते. ३१ मार्चच्या आत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्र असे सगळे उरकण्याची घाई चालते, आणि घाईत जे काम पटकन दाखवता येते तेच निवडले जाते: काँक्रीटचा रस्ता, गटार, समाजमंदिर. जिल्हा परिषदेला तिचा निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत वापरता येतो, म्हणून थोडी सवड मिळते. पण बांध, शेततळे, रोपवाटिका ही कामे होळीनंतर, माणसे हाताशी असताना आणि पावसाआधी व्हायला हवीत. त्यांची मंजुरी दिवाळीपूर्वीच हाती असेल तर काही घरे उचल घेणार नाहीत. आराखड्याची सभा पोळ्याच्या आसपास, सगळी माणसे गावात असताना घेणे हा साधा उपाय आहे आणि त्याला जादा रुपया लागत नाही.

लहान संस्थेच्या हाती दिलेला पैसा कसा उपयोगी पडतो, हे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत दिसते. २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर स्त्रीला शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतिणीला सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळी. निधी गावातल्या आहार समितीच्या खात्यावर येतो; तीत पंचायतीची महिला सदस्य असते आणि अंगणवाडी सेविका असते. दहाच्या सुमारास चुलीवर डाळ शिजत असते, सेविका वहीत नावे लिहीत असते. कोणी आली नाही तर मदतनीस तिच्या झोपडीपर्यंत जाऊन बोलावून आणते, कारण ती कोणाची सून आणि कितव्या महिन्याची हे तिला तोंडपाठ असते. तालुक्याच्या कंत्राटदाराला हे जमणारे नाही. मात्र निधी लांबला की किराणा दुकानातली उधारी सेविकेच्या नावावर चढते आणि तुटपुंज्या मानधनातून तिलाच निस्तरावी लागते. असे होणे अन्यायाचे आहे.

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून बचत गटांना फिरता निधी आणि ग्रामसंघाला समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. बायका तो आपसांत कर्जाऊ फिरवतात, म्हणून एकदाच आलेला पैसा गावात वर्षानुवर्षे राहतो. बी-बियाण्याला, दवाखान्याला लागणारी रक्कम गटातून मिळाली की सावकाराचा आणि मुकादमाचाही उंबरा चढावा लागत नाही. जळगाव, धुळे या महापालिकांत आणि नगरपालिकांत शहरी उपजीविका अभियानातून फेरीवाले आणि वस्तीतले गट यांच्यासाठी अशाच तरतुदी झाल्या.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या लहानशा आदिवासी गावाचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वतःचे नियम करून, मोडणाऱ्याला दंड लावून सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल राखले आणि श्रमदानाने बांध घालून पाणी अडवले. विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले, कामासाठी बाहेरगावी जाणे थांबले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या गावात योजना येते तेव्हा ती कुठे बसवायची हे आधीच बोलून झालेले असते. पावसाळ्यात तिथे वनभाजी स्पर्धा भरते. बायका राखलेल्या जंगलातून खुडून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात, आणि आजूबाजूच्या पाड्यांतली माणसे ती चाखता चाखता बांध कसे घातले ते विचारून घेतात.