नामकरण आणि वर्गीकरण: रिफ्टिया नावाच्या कृमीचा दाखला

प्राणिशास्त्राच्या पेपरात जातीचं नामकरण विचारलं, की आपल्या मराठवाड्यातली बरीच मुलं संघ, वर्ग, गण, कुल ही उतरंड लिहून मोकळी होतात. पण ती उतरंड म्हणजे वर्गीकरण. नामकरण हे वेगळं काम आहे. दोन्हींतला फरक समजून घ्यायला खोल समुद्रातला रिफ्टिया पॅकिप्टिला फार चांगला.

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोलीवर, अल्विन पाणबुडीतून उतरलेल्या शास्त्रज्ञांना गरम झऱ्यांपाशी हा कृमी दिसला. पांढरी नळी आणि हिमोग्लोबिनमुळे लालभडक दिसणारा तुरा. प्रौढाला तोंड नाही, आतडं नाही. अंगात राहणारे जिवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडच्या जोरावर त्याचं अन्न तयार करतात. १९८१ मध्ये मेरेडिथ जोन्स यांनी रीतसर वर्णन छापून त्याला नाव दिलं. असं नाव एका ठरावीक नमुन्याला, म्हणजे होलोटाइपला, बांधलेलं असतं. नामकरण इथे पुरं झालं.

वर्गीकरण मात्र चालूच राहिलं, कारण ते नात्यांबद्दलचं मत असतं आणि पुराव्यानुसार बदलतं. १९८५ मध्ये जोन्स यांनीच रिफ्टिया आणि त्याच्या भाऊबंदांसाठी वेस्टिमेंटिफेरा हा स्वतंत्र संघ मांडला. पण या कृमींच्या मागच्या टोकाला वलयं आणि दृढरोम, म्हणजे ताठ राठ केस, आहेत, थेट वलयी प्राण्यांसारखे. पुढे डीएनएनेही तेच सांगितलं. १९९७ मध्ये राऊस आणि फॉकाल्ड यांनी सगळ्यांना वलयी प्राण्यांतल्या सिबोग्लिनिडी या एका कुलात आणलं. अख्खा संघ कुलावर आला, तोही आपल्या गांडुळाच्याच संघात! नावाचं अक्षरही हललं नाही. १९९९ मध्ये औंढा नागनाथ परभणीतून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेलं, पण गाव तेच राहिलं, तसंच हे.

एका ठिकाणी मात्र वर्गीकरण नावाला हात लावतं. नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जीनसचा, असतो, त्यामुळे प्रजाती बदलली की तो बदलतो. आपल्याकडे गांडूळखताच्या बेडमध्ये सोडतात ते गांडूळ साविन्यी यांनी १८२६ मध्ये एन्टेरियॉन फेटिडम म्हणून वर्णिलं. पुढे ते आयसेनिया प्रजातीत गेलं आणि नव्या प्रजातीच्या लिंगानुसार फेटिडमचं फेटिडा झालं. आता पूर्ण नाव, वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल धरून, लिहायचं ते असं: आयसेनिया फेटिडा (साविन्यी, १८२६). तो कंस सांगतो की जात मुळात दुसऱ्या प्रजातीत वर्णिली होती. रिफ्टिया पॅकिप्टिला जोन्स, १९८१ याला कंस नाही, कारण संघ बदलला तरी प्रजाती तीच राहिली. मुलं हा कंस मनाला येईल तसा घालतात किंवा गाळतात. जोन्स यांना कंसात टाकलं, तर कधी न झालेला बदल झाला असं लिहिल्यासारखं होतं.