अप्पांना आरती येते, पण पाणी मागता येत नाही

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जागी आता सहामजली सोसायटी आहे, पण गणपतीत आरतीला सगळ्यांनी खाली जमायची पद्धत तशीच राहिली आहे. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या अप्पांना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. त्याच्या चार महिने आधी त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. तोंडात शब्द एकच उरलेला, "अरे". भूक लागली तरी "अरे", पंखा बंद करा म्हणायचं असलं तरी "अरे".

झांजा वाजल्या आणि अप्पा गाऊ लागले. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, एकही शब्द न गाळता, डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरून. काकू डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. आरती झाल्यावर मी वाकून विचारलं, "अप्पा, पाणी देऊ?" त्यांचे ओठ हलले, कपाळावर घाम आला, आणि निघालं ते "अरे".

प्रसाद वाटताना मागून कुणीतरी म्हणालं, "आरती म्हणता येते, मग बोलायला काय होतं? मनावर घेत नाहीत, दुसरं काय!" काकूंनी ते ऐकलं. त्या वाक्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला होता. त्याला समजायचं बरंच, पण बोलताना तोंडून फक्त "टॅन" निघायचं. तो गेल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्ध्या भागात पुढच्या बाजूला इजा दिसली. मनातला विचार शब्दांत बसवून जिभेपर्यंत पोचवण्याचं बरंचसं काम तिथून चालतं, आणि स्ट्रोकने, म्हणजेच पॅरालिसिसच्या झटक्याने, तो भाग गेला की होतो तो वाचाघात. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो, त्यामुळे अशा रुग्णांचा बहुधा उजवाच हात लुळा पडतो. अप्पांचं नेमकं हेच झालं होतं. बुद्धी जागेवर, ओळख जागेवर, शब्दांचा रस्ता तेवढा तुटलेला.

मग आरती कशी आली? एक तर, सूर सांभाळायला मेंदूचे दोन्ही भाग लागतात आणि त्यात उजव्याचा वाटा मोठा असतो. अप्पांचा उजवा भाग धडधाकट होता. दुसरं, लहानपणापासून घोकलेली आरती हे खरं म्हणजे बोलणं नव्हेच. ती पाढ्यांसारखी, रामरक्षेसारखी एक साखळी असते. पहिली कडी ओढली की पुढच्या आपोआप येतात. वाचाघात झालेल्या माणसाला "आठवड्यात दिवस किती?" विचारलं तर "सात" सुचत नाही, पण एक, दोन, तीन असं मोजत तो सातपर्यंत पोचू शकतो. त्या साखळीतली एखादी कडी काढून दुसरीकडे वापरणं मात्र त्याला जमत नाही. आरतीत देवाकडे मागणं आहे, तरी त्यातला शब्द उचलून काकूंकडे पाणी मागता येत नाही. यात मनावर घेण्या न घेण्याचा संबंधच येत नाही.

अप्पा काही अपवाद नाहीत. १९७७ साली जपानमधल्या डॉक्टरांनी असे २४ रुग्ण तपासले. त्यातल्या २१ जणांना सूर नीट धरता आला, आणि त्यांपैकी १२ जणांना गाण्याचे शब्दही म्हणता आले. रशियन संगीतकार विसारियन शेबालिन यांना १९५३ आणि १९५९ साली असे झटके आले. बोलणं, समजणं पार कोलमडलं, तरी त्यांनी पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहून पुरी केली. याच्या उलटही घडतं. उजव्या भागाला इजा झालेला माणूस अस्खलित बोलतो, पण ओळखीची चाल त्याला ओळखू येत नाही, काहींना तर गाणं म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. शब्द, सूर, लय, आठवण आणि आनंद ही आपल्याला एकजीव वाटणारी मंडळी मेंदूत वेगवेगळ्या घरांत राहतात. आजार येतो तो एखाद्याच घरावर.

अप्पांकडे येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी ते शाबूत घर वापरलं. १९७३ साली अमेरिकेत मांडलेली ही पद्धत आहे. ताई अप्पांचा डावा हात हातात घेत आणि दोनच सुरांवर, साधारण सा आणि कोमल गंधार धरा, सावकाश म्हणत, "पा-णी-दे". प्रत्येक अक्षराला हातावर एक थाप. आधी नुसतं गुणगुणणं, मग दोघांनी मिळून, मग ताई मध्येच थांबत आणि अप्पांनी पुढे न्यायचं. हळूहळू सूर काढून घ्यायचा आणि साधं बोलणं तेवढं ठेवायचं. रोज तास-दीड तास, महिनोन्महिने. आरती पाचशे वेळा म्हणून हे साधत नाही. वाक्य नवं आणि रोजच्या गरजेचं असावं लागतं. आणि सगळ्यांनाच याचा गुण येतो असंही नाही.

यात सुराचा वाटा किती आणि ठेक्याचा किती, यावर वाद आहे. २०११ साली जर्मनीत १७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात निघालं की शब्द सुटायला सुरापेक्षा लय आणि पाठ असलेले शब्दच जास्त मदत करतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण ज्यांना "मला गाता गळा नाही" असं वाटतं त्या घरच्यांनाही मांडीवर थाप देता येतेच.

लयीचं घर कुठलं, ते पार्किन्सनच्या आजारात कळतं. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे पेशींचे पुंजके असतात. पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज ते बांधतात, आणि चालताना पुढचं पाऊल टाकायचा इशाराही त्यांच्याच मार्गाने जातो. त्यांना लागणारं डोपामिन हे रसायन पार्किन्सनमध्ये कमी पडतं. म्हणून माणूस उंबरठ्याशी येतो आणि पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. आतला तबलजी थांबला की बाहेरून ठेका द्यायचा. १९९६ साली मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना तीन आठवडे ठेकेदार संगीतावर चालण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा टाळांवर पडणारी पावलं पाहा, कानाकडून पायाकडे जाणारा हा रस्ता किती जवळचा आहे ते दिसतं. पार्किन्सन झालेल्यांसाठी पुण्यात नृत्याचे वर्ग चालतात, पार्किन्सन्स मित्रमंडळही आहे. घरात कुणाला हा आजार असेल तर त्यांना एकटं घरी बसवून ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. औषधं मात्र चालूच ठेवायची, ठेका त्यांच्या जोडीला असतो.

हेच डोपामिन गाण्यातल्या आनंदाशीही बांधलेलं आहे. डिसेंबरात 'सवाई'ला बसलेले श्रोते समेच्या थोडं आधीच मान उचलतात आणि समेवर हजारो माना एकदम डोलतात. २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी लोकांना आपापलं आवडतं संगीत ऐकवलं आणि स्कॅनमध्ये पाहिलं, तर अंगावर काटा यायच्या आधी, नुसत्या वाट पाहण्यातच, एका जागी डोपामिन सुटत होतं आणि प्रत्यक्ष त्या क्षणी दुसऱ्या जागी. ज्यांच्या नावाने हा महोत्सव १९५३ पासून होतो, त्या सवाई गंधर्वांचं स्वतःचं गाणं १९४२ च्या सुमारास अर्धांगवायूने थांबलं होतं. मंडपात बसले की मला ते हटकून आठवतं.

आणि नुसता आनंदच गेला तर? २००४ साली इंग्लंडमधल्या एका ५२ वर्षांच्या रेडिओ निवेदकाची हकिगत प्रसिद्ध झाली. स्ट्रोकनंतर त्याची वाचा सुधारली, सूर-ताल ओळखता येत होते, पण ज्या पियानोवादनाने पूर्वी तो हरखून जायचा, ते आता कोरडं लागत होतं. स्ट्रोकनंतर एखाद्याने रेडिओ बंद करायला सांगितलं तर "हट्टी झालेत" म्हणण्याआधी हे आठवावं.

अल्झायमरमध्ये बायकोचं नाव विसरलेला माणूस जुनं भावगीत पुरं म्हणतो, यामागेही अशीच जागांची वाटणी असावी. २०१५ साली लाइपझिगच्या संशोधकांना दिसलं की जुन्या, ओळखीच्या गाण्यांची आठवण जिथे जागते, ते भाग या आजारात तुलनेने उशिरा झिजतात. त्यामुळे गेलेल्या आठवणी परत येत नाहीत, पण ती पाच मिनिटं तो माणूस आपल्यासोबत असतो.

अप्पांच्या घरी रोज संध्याकाळी तासभर अभंग लागतात. फिनलंडमध्ये स्ट्रोकच्या रुग्णांना दोन महिने रोज किमान तासभर आवडतं संगीत ऐकवलं, तेव्हा तीन महिन्यांनी त्यांची शब्दांची स्मरणशक्ती ६० टक्क्यांनी सुधारलेली होती, ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांची १८ टक्क्यांनी आणि काहीच न ऐकवलेल्यांची २९ टक्क्यांनी. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. काकूंना मी हे आकडे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "त्यांना आवडतात म्हणून लावते गं."

परवा चहाच्या वेळी वर गेले होते. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "साखर घालू का हो?" अप्पांनी डाव्या हाताने मांडीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "थो-डी."