पोथी, गाव आणि दिंडी : धर्माच्या समाजशास्त्रातील अध्यापकीची पार्श्वभूमी

भारतात धर्माचे समाजशास्त्र शिकवणाऱ्याची नेमणूक बहुधा समाजशास्त्र विभागात होते. धर्म हा त्याच्या प्रबंधाचा विषय असतो, पदाच्या नावात तो नसतो. ही घडी मुंबईत बसली. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला विभाग १९२४ मध्ये गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. मालवणचे घुर्ये मूळचे संस्कृतचे, केंब्रिजला मानवशास्त्र शिकून आलेले. साधू, पंथ आणि मठांवरचे त्यांचे १९५३चे पुस्तक बरेचसे ग्रंथांच्या आधाराने उभे आहे.

त्यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातील कूर्ग (कोडगू) भागावर मुंबईत प्रबंध केला आणि तीच सामग्री ऑक्सफर्डला मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्याकडे नव्या प्रश्नाने मांडली : विधीमुळे ‘ओक्का’ म्हणजे एकत्र कुटुंब कसे बांधले जाते? सामग्री जुनीच, प्रश्न बदलल्याने पुस्तक वेगळे झाले (१९५२). ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा त्यातूनच रुळली : खालच्या मानलेल्या जाती वरच्या जातींचे अनुकरण करत मांस-मद्य सोडतात, विधी आणि दैवते बदलतात. मात्र विधी जोडतो तसा तोडतोही, हे त्या चौकटीत पुरेसे दिसत नाही. ते घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी वारीत टिपले : एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत होते.

पुढे १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत श्रीनिवास यांच्या कर्नाटकातील रामपुरा गावावरील क्षेत्रकार्याच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. तिन्ही एकाच ठिकाणी होत्या. टिपणांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, ती यासाठीच.

आज सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत) आणि सामान्यतः नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेते. पीएच.डी.ला २०२२च्या नियमांनुसार किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षे मिळतात, शिवाय किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रम असतो. घोळ होतो तो इथेच. आषाढी वारी वर्षातून एकदा येते. अभ्यासक्रमाच्या परीक्षेपायी ती हुकली, की क्षेत्रकार्य वर्षभर लांबते. एकाच वारीवर प्रबंध उभा केला, तर यंदाचे कोणते आणि नेहमीचे कोणते हे सांगता येत नाही. म्हणून निदान दोन वाऱ्या धराव्यात, आणि दिंडीप्रमुखांना भेटायला आषाढीआधी बरेच महिने जावे.