पोटरीचा हापसा आणि मोसंबीची साल

आठवडी बाजारात तेलाची बाटली मिळते: ‘पंधरा दिवस चोळा, फुगलेल्या शिरा गायब!’ पायावर गांडुळासारख्या वळलेल्या त्या निळ्या शिरांत नासकं रक्त साचलंय, असा त्यामागचा समज. रक्त नासलेलं नसतं, फक्त उलटं वाहत असतं.

उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण 120 सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. रक्ताची घनता 1.06, पाऱ्याची 13.6. गुणा, भागा: सुमारे 94 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. एका जागी उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत खरंच 80 ते 90 दाब भरतो. चालू लागलं की तो 30 च्या आसपास किंवा खाली येतो, कारण पोटरी हा हापसा आहे. स्नायू आवळला की त्याच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. तो सैल पडला की कातडीखालच्या शिरांतलं रक्त जोडशिरांतून आत ओढलं जातं. वर गेलेलं खाली येऊ नये म्हणून शिरांत दोन पापुद्र्यांच्या झडपा असतात.

इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करताना या झडपांचाही आधार घेतला. तुम्हीही पाहू शकता. हात खाली सोडून पंजावरची शीर फुगू द्या. बोटांकडच्या टोकाला ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त मनगटाकडे पुसत न्या. दुसरं बोट उचललं तरी झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो.

विहिरीतल्या सक्शन पाइपच्या तळाशी पाणी परत न सोडणारी झडप असते, त्या फुटव्हॉल्व्हमध्ये (गावाकडे ‘फुटबॉल’) काडी अडकली की मोटार बंद होताच पाइप रिकामा होतो. पायात काडी अडकत नाही. शिरेची भिंत सैल पडते, पापुद्रे एकमेकांना टेकत नाहीत. मग वरच्या रक्ताचा भार खालच्या झडपेवर येतो, तिथली शीर ताणते, तीही गळू लागते. अशी रांग लागते. आनुवंशिकता, बाळंतपणं, वजन आणि जालन्याच्या रोलिंग मिलमधली आठ तासांची उभी पाळी, सगळं यात भर घालतं. घोट्याला बांधलेला काळा दोरा इथे काहीच करत नाही.

आता वनस्पती. बरीच तपासलेली म्हणजे हॉर्स चेस्टनट या युरोपातल्या झाडाची बी. तिच्या अर्कातलं एस्सिन केशवाहिन्यांतून पाणी झिरपणं कमी करतं. चाचण्यांत बहुधा 50 मिलिग्रॅम एस्सिन दिवसातून दोनदा दिलं गेलं. काही आठवड्यांत सूज, ठणका, खाज उतरली. कच्ची बी मात्र विषारी आहे.

दुसरं औषध आपल्या ओळखीच्या फळांच्या कुळातलं. मोसंबी-संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन असतं आणि त्यापासून डायोस्मिन तयार करतात. रोजची मात्रा साधारण 1000 मिलिग्रॅम: 900 डायोस्मिन, 100 हेस्पेरिडिन. म्हणून जालन्याच्या मोसंबीची साल वाळवून मिक्सरमधून काढायची? नाही. हे पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आतड्यातून शोषले जावेत म्हणून कण दोन मायक्रॉनपर्यंत दळावे लागतात. मिक्सरला ते जमत नाही, आणि सालीवर फवारणीचा अंश राहतो तो वेगळाच.

दोन्ही औषधांनी पाय हलका वाटतो, पण गळकी झडप गळकीच राहते. त्यासाठी डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते पाहणं), मग गरजेप्रमाणे लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने ती शीर आतून बंद करणं. तोवर दाबाचे मोजे, पण सूज चढण्याआधी, सकाळी अंथरुणातच चढवायचे. माप घोट्याच्या सर्वात बारीक आणि पोटरीच्या सर्वात जाड जागी घ्या. गुडघ्यामागे चुणी पडली की मोजा तिथे आवळतो आणि पाय आणखी सुजतो. मधुमेही किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी पावलाची नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. धमनी अरुंद असेल तर मोज्याने बोटं काळी पडू शकतात.

आणि जोरात चोळू नका. कातडी पातळ झालेली शीर फुटली तर धार लागते. अशा वेळी लगेच आडवं व्हा, पाय छातीपेक्षा वर उचला आणि स्वच्छ फडक्याने त्या जागी दहा मिनिटं, मधेच न उघडता, दाबून धरा. हळद, चुना काही भरू नका. नंतर दवाखाना गाठा.