भिंतीवरील पवित्र पाण्याच्या वाटीविषयी ग्राहकांसाठी माहिती

वसईतील आमच्या दुकानातून पवित्र पाण्याची, म्हणजे धर्मगुरूंनी आशीर्वाद दिलेल्या पाण्याची, वाटी नेणाऱ्या कुटुंबांना तिचा उपयोग सांगावा लागत नाही. घरातून निघताना बोट बुडवून क्रुसाची खूण करणे, रात्री झोपण्यापूर्वी मुलांच्या कपाळावर पाणी लावणे, आजारी माणसाच्या खाटेवर आणि नव्या गाडीवर ते शिंपडणे, हे सारे घरोघरी आजी-आजोबांच्या वेळेपासून चालत आलेले आहे. तरीही वाटी नेल्यानंतर काही महिन्यांनी ती कागदात गुंडाळून परत आणणारे आणि "पितळ हलके निघाले" अशी तक्रार करणारे ग्राहक आम्हाला वारंवार भेटतात. वाटी आतून हिरवी पडलेली असते, कडेला पांढरा थर बसलेला असतो आणि कधीकधी भिंतीवरही हिरवट ओघळ आलेला असतो. यात पितळाचा दोष बहुधा नसतो, आणि तेच नीट समजावून सांगण्यासाठी हे पत्रक छापले आहे.

पवित्र पाण्यात अनेकदा मीठ असते. अलीशा संदेष्ट्याने यरीहोच्या झऱ्यात मीठ टाकून तेथील वाईट पाणी चांगले केले, हा बायबलमधील प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून जुन्या विधीत मिठावर स्वतंत्र प्रार्थना म्हणून ते पाण्यात मिसळले जात असे. आजच्या विधीत मीठ घालणे ऐच्छिक आहे. काही धर्मगुरू घालतात, काही घालत नाहीत. त्यातच आपल्याकडील कित्येक गावांत विहिरीचे पाणी मुळातच मचूळ असते. असे खारे पाणी पितळेला सतत लागून राहिले की पितळ कळकते, आणि वरचे पाणी उडून गेले की उरलेल्या थोड्या पाण्यातील मीठ अधिकच तीव्र होते. मुलामा दिलेल्या स्वस्त वाटीचा मुलामा तर एका पावसाळ्यातही सुटू शकतो. ग्राहक नेमके येथेच चुकतात: ते पाणी थेट धातूच्या वाटीत ओततात, ती काठोकाठ भरतात आणि पाणी उडाले की न पुसता त्यावरच नवे ओततात.

यासाठीच आमच्या बहुतेक वाट्यांत काचेचा छोटा सुटा पेला बसवलेला असतो. तो केवळ शोभेचा आहे असे समजून कपाटात ठेवून देणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत. पाणी त्या पेल्यातच घालावे, आणि तेही एक-दोन चमचेच, कारण क्रुसाची खूण करण्यासाठी बोटाचे टोक ओले झाले की पुरते. आठवड्यातून एकदा, रविवारच्या मिस्साला (चर्चमधील उपासनेला) निघण्यापूर्वी म्हणा, पेला काढून रिकामा करावा, धुऊन कोरडा करावा आणि चर्चमधून बाटलीत आणून ठेवलेले पाणी पुन्हा घालावे. यामागे धातू जपण्याइतकेच दुसरेही कारण आहे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी पडली तर साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, आणि आशीर्वादित पाणी याला अपवाद नाही. पेल्याशिवायची, पूर्ण धातूची वाटी आमच्याकडे कमी किमतीत मिळते. ती घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही, परंतु तिच्यासाठी सुटा पेला वेगळा घ्यावा असे अवश्य सुचवतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या रंगीत वाट्यांना तर पेला हवाच, कारण प्लास्टर पाणी शोषते आणि रंग पोपडे धरून सुटतो.

रिकामे केलेले पाणी मोरीत ओतू नये. आशीर्वादित वस्तू खासगी मालकीची असली तरी तिचा मान राखला जावा, असे कॅथॉलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतील (कायद्याच्या ग्रंथातील) 1171 वे कलम सांगते. म्हणून जुने पाणी पायदळी येणार नाही अशा जागी थेट मातीत, एखाद्या झाडाच्या मुळाशी ओतावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कुंडी चालते. मात्र पाणी खारट असेल तर नेहमी एकाच कुंडीत ओतू नका, नाहीतर ते रोप जगणार नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न असा, की पवित्र पाण्याची बाटली आम्ही भरून का देत नाही. चर्च दूर आहे, फादर भेटत नाहीत, तुम्ही दोन रुपये जास्त घ्या, असेही सांगितले जाते. आम्ही बाटली विकतो, पाणी विकत नाही, कारण आशीर्वादाला किंमत लावणे चर्चला मान्य नाही आणि आम्हालाही नाही. याच कारणाने आमच्या जपमाळा, क्रूस आणि मूर्ती आशीर्वादित करून ठेवलेल्या नसतात. काही दुकानांत तसे सांगून वस्तू विकल्या जातात हे आम्हाला ठाऊक आहे. आपण ती वस्तू आमच्याकडून घ्यावी आणि आपल्या धर्मग्रामातील (चर्चच्या हद्दीतील) फादरांकडून आशीर्वादित करून घ्यावी, यातच तिचे खरे स्थान आहे असे आम्हाला वाटते. पाण्यावर आशीर्वाद देणे हे धर्मगुरूंचे किंवा डीकनचे (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरील दीक्षित सेवकाचे) काम आहे; घरी प्रार्थना म्हणून साधे पाणी पवित्र पाणी होत नाही, मात्र चर्चमधून आणलेले पाणी घरी शिंपडताना आपण स्वतः प्रार्थना म्हणण्यास कसलीच आडकाठी नाही.

पाणी आणण्यासाठी सर्वांत चांगला प्रसंग म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाचा विधी, ज्यात पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती पाण्यात बुडवून आशीर्वाद दिला जातो. त्याआधीचे दोन-तीन दिवस चर्चच्या दारातील वाट्या रिकाम्या ठेवण्याची प्रथा आहे, म्हणून उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पाणी मिळाले नाही तर राग मानू नये. इतर वेळी साक्रिस्तीत (वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत) विचारल्यास पाणी मिळते. त्यात मीठ आहे का हेही तेथेच विचारावे, चाखून पाहू नये. पवित्र पाणी पिण्यासाठी नसते, आणि अनेकांची बोटे बुडालेले वाटीतील पाणी तर मुळीच पिऊ नये.

फ्रान्समधील लूर्द या तीर्थस्थानाचे पाणी ही वेगळी गोष्ट आहे. 1858 च्या फेब्रुवारीत बर्नादेत या मुलीने तिला दर्शन देणाऱ्या मरिया मातेच्या सांगण्यावरून माती उकरली तेव्हा लागलेल्या झऱ्याचे ते पाणी असून तेथील नळांवर ते विनामूल्य मिळते. त्यावर आशीर्वादाचा विधी झालेला नसेल तर ते झऱ्याचे पाणीच असते, श्रद्धेने जपावे असे, पण चर्चमधील पवित्र पाण्यासारखे नव्हे. निळ्या मुकुटाचे झाकण असलेल्या मातेच्या आकाराच्या बाटल्या आमच्याकडे मिळतात; त्यांत कोणते पाणी भरायचे हे आपल्यावर आहे.

बाटलीतील पवित्र पाणी कमी झाले तर त्यात थोडे साधे पाणी मिसळता येते. मिसळलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा कमी असावे, असा जुना संकेत आहे. बाटली उन्हात ठेवू नये, शेवाळ धरते. विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पवित्र पाणी भरून ते फ्रिजशेजारी ठेवण्याची सवय मात्र कृपया सोडावी, कारण तहानलेला पाहुणा ते पिऊन टाकतो आणि मग घरात जो गोंधळ होतो त्याच्या हकिकती आम्हाला दर उन्हाळ्यात ऐकाव्या लागतात. क्रुसाचे चिन्ह ठसठशीत दिसणारी, रुंद तोंडाची आणि आतून धुता येणारी बाटली आमच्याकडे तीन आकारांत उपलब्ध आहे.

शेवटी बदलून देण्याविषयी. वाटी, बाटली किंवा कोणतीही वस्तू आशीर्वादित करून घेण्यापूर्वी ती घरी नीट पाहावी: पेला बसतो का, मागचे छिद्र खिळ्याला पुरते का, टाका कोठे सुटलेला नाही ना. दोष असल्यास पावतीसह आठ दिवसांत आणावी, आम्ही ती विनातक्रार बदलून देऊ. एकदा आशीर्वादित झालेली वस्तू मात्र आम्ही परत घेत नाही, कारण ती पुन्हा दुसऱ्या कोणाला विकणे आम्हाला योग्य वाटत नाही. अशी वाटी कळकली असेल तर घेऊन या. लाखेचा थर नसलेले पितळ आम्ही चिंचेने घासून, पुसून देतो आणि नव्या पेल्याचेच काय ते पैसे घेतो. येताना जुना पेला सोबत आणावा, म्हणजे माप चुकणार नाही.